यात्रेत कोणासोबत जेवलात? तीर्थयात्रा माणसाला कशी बदलते, ते समजून घेताना

आषाढी जवळ आली की दरवर्षी तोच वाद नव्याने सुरू होतो. एक जण सांगतो, वारीत जात नाही, गरीब-श्रीमंत नाही, सगळे माऊली. दुसरा म्हणतो, पंढरपूरहून परतले की जो तो आपापल्या आळीत जातो आणि आपल्याच जातीत सोयरीक शोधतो, मग वीस दिवस चालून बदललं काय? दोघांनीही वारी पाहिलेली असते आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

मी हा वाद घरातच पाहिला. माझी आत्या कित्येक वर्षं वारी करत आली. तिच्या मागच्या पडवीत एका कोनाड्यात एक कपबशी वेगळी ठेवलेली असायची. शेतावर कामाला येणाऱ्या एका वस्तीतल्या माणसांना चहा त्यातच मिळे. आत्या माळकरी, एकादशी न चुकवणारी, चोखोबांचा अभंग म्हणताना डोळे भरून येणारी बाई. तरी ती कपबशी तिथे होती. वारीने तिची श्रद्धा दर वर्षी वाढत होती, हे घरातल्या सगळ्यांना दिसायचं. कोनाडा मात्र होता तसाच होता. पुढे एका वर्षी तो रिकामा झाला. ते कसं घडलं ते सांगणारच आहे, पण त्याआधी जरा मोठा प्रश्न समजून घेऊ.

यात्रेने श्रद्धा वाढते, हे पटायला जड नाही. पण परक्या माणसाविषयी, वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या रीतीभातीच्या माणसाविषयी मन मोकळं होतं का? होत असेल तर यात्रेतल्या नेमक्या कोणत्या गोष्टीमुळे? या प्रश्नावर अभ्यासकांनी खरोखर मोजमाप केलेलं आहे आणि त्यातून जे दिसतं ते फार उपयोगाचं आहे.

भाविक माणूसच यात्रेला जातो, मग बदल यात्रेने झाला हे कसं ओळखायचं?

ही शंका अगदी रास्त आहे. शिकवणीला जाणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळतात, म्हणून ते शिकवणीमुळेच मिळाले असं म्हणता येत नाही. शिकवणीला पाठवणाऱ्या घरात आधीच पुस्तकं असतात, अभ्यासाला जागा असते, मागे लागणारी माणसं असतात. यात्रेचंही तसंच. जो निघतो तो मुळातच श्रद्धाळू असतो, शिवाय त्याच्याकडे थोडा पैसा आणि सवड असते. यात्रेकरू आणि घरी राहिलेला यांची नुसती तुलना केली तर ती फसते.

शेतकरी नव्या खताची परीक्षा कशी करतो ते आठवा. एकाच रानात, एकाच पाण्यावरचे दोन वाफे घेतो, एकात खत घालतो, दुसऱ्यात नाही. माणसांच्या बाबतीत असे दोन वाफे मिळवायचे तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. म्हणजे ज्यांना ज्यांना यात्रेला जायचंच आहे अशा सगळ्यांची नावं घ्यायची आणि कोण जाणार ते नशिबावर सोडायचं. असं कोण करू देईल?

पाकिस्तानात ते आपोआप होत होतं. हजला जाण्यासाठी सरकारी योजनेत जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून सोडत काढली जायची. डेव्हिड क्लिंगिंगस्मिथ, असीम इजाझ ख्वाजा आणि मायकेल क्रेमर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ च्या हजसाठी अर्ज केलेल्या १,६०५ जणांना गाठलं. (क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत नोबेल मिळालं.) यातल्या काहींचं नाव सोडतीत निघालं होतं, काहींचं नाही. इच्छा दोघांची सारखीच होती, फरक फक्त चिठ्ठीचा. हज होऊन पाच ते आठ महिने उलटल्यावर दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारले गेले. परतल्या परतल्या असलेला भरच मोजला जाऊ नये, म्हणून मधला हा काळ महत्त्वाचा होता.

श्रद्धा वाढली की कट्टरपणा वाढतो ना?

बऱ्याच वाचकांच्या मनात हीच भीती असेल. लाखो स्वधर्मीयांच्या गर्दीत काही आठवडे काढून आलेला माणूस ‘आपले’ आणि ‘परके’ ही रेघ आणखी ठळक ओढेल, असं वाटणं स्वाभाविक आहे.

उत्तर उलटं आलं. हजला जाऊन आलेल्यांची नमाज-रोजांची शिस्त वाढली होती, म्हणजे श्रद्धा तर वाढलीच. पण त्याच वेळी ताईत बांधण्यासारख्या स्थानिक चालीरीती कमी झाल्या होत्या. जगभरचे मुसलमान जे पाळतात ते जवळ आलं आणि आपल्याच भागात धर्म म्हणून चालत आलेलं थोडं सुटलं. श्रद्धेचा केवळ जोर वाढला नव्हता, तिचा आवाकाही गावकुसाबाहेर गेला होता.

आणि मन? इतर वंशांचे, इतर पंथांचे मुसलमान आपल्या बरोबरीचे आहेत, असं मानण्याकडे कल वाढला होता. मुलींनी शिकावं, बायकांनी नोकरी करावी, याला जास्त अनुकूलता दिसली. मुसलमानांमधली एकी वाढल्याने बिगरमुस्लिमांविषयी द्वेष वाढला का, हेही तपासलं गेलं. तसं दिसलं नाही, उलट शांततेकडे आणि सलोख्याकडेच कल होता. सगळंच काही गोड नव्हतं. जाऊन आलेल्यांमध्ये, विशेषतः बायकांमध्ये, तब्येतीच्या आणि मनाच्या तक्रारी जास्त होत्या. यात्रा अंगावर येते, हे आपल्याकडच्या कुठल्याही वारकरी बाईला वेगळं सांगायला नको.

याआधी चाळीसेक वर्षांपूर्वी एका माणसाने हेच स्वतःपुरतं अनुभवलं होतं. अमेरिकेतले काळ्यांचे पुढारी माल्कम एक्स अनेक वर्षं अशा संघटनेत होते, जी गोऱ्यांना जन्मतःच दुष्ट मानायची. ती सोडल्यानंतर १९६४ च्या एप्रिलमध्ये ते हजला गेले. तिथून लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलं की निळ्या डोळ्यांच्या, गोऱ्या कातडीच्या माणसांसोबत आपण एकाच ताटात जेवलो, एकाच पेल्यातून पाणी प्यालो. प्रवचनातल्या एखाद्या वाक्याऐवजी त्यांना आधी ताट आणि पेला आठवला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मोकळेपणा येतो तो देवामुळे की माणसांमुळे?

या अर्थशास्त्रज्ञांपुढे दोन शक्यता होत्या. एक अशी, की ‘हाजी’ म्हणून गावात मान वाढतो आणि त्या मानाला शोभेल असं माणूस वागू लागतो. दुसरी, की तिथे जगभरच्या माणसांशी गाठ पडते आणि त्या गाठीभेटींनी मन बदलतं. त्यांच्या हाती आलेला पुरावा दुसऱ्या बाजूने झुकणारा होता.

पण नुसती गाठ पडून भागत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये रोज किती तऱ्हेच्या माणसांशी आपला खांदा घासतो, म्हणून आपण सगळे एकमेकांचे मित्र होत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये यासाठी चार अटी सांगितल्या. दोन गटांची माणसं बरोबरीच्या नात्याने भेटावीत. दोघांना एकच गोष्ट साधायची असावी. ती एकमेकांच्या मदतीशिवाय साधू नये. आणि वरच्या माणसांचा, म्हणजे कायद्याचा, वडीलधाऱ्यांचा, परंपरेचा त्या भेटीला पाठिंबा असावा. या चार गोष्टी जमल्या तर पूर्वग्रह वितळतो. अभ्यासक याला संपर्क-सिद्धांत म्हणतात, आपण ‘बरोबरीची भेट’ म्हणू.

हजमध्ये पुरुषांच्या अंगावर न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं असतात. कपड्यावरून कोण शेठ आणि कोण हमाल हे कळत नाही. विधी सगळ्यांना तेच, तंबूंची वस्ती तीच, आणि हे सगळं धर्मानेच सांगितलेलं. ऑलपोर्टच्या अटी जणू तिथे आयत्याच मांडून ठेवलेल्या आहेत.

यातली एक अट किती नाजूक आहे, हे उत्तर प्रदेशातल्या एका प्रयोगात दिसलं. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने खेड्यांतल्या वेगवेगळ्या जातींच्या तरुणांसाठी क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. काही मुलं इतर जातींच्या मुलांसोबत एकाच संघात खेळली, तर काहींचा त्यांच्याशी संबंध आला तो विरुद्ध संघ म्हणून. एका संघातून खेळलेल्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. विरुद्ध खेळलेल्यांवर तसा परिणाम झाला नाही, उलट दुरावाच आला. मैदान तेच, चेंडू तोच आणि माणसंही तीच होती.

चिखल, गर्दी, थंडी यांतून श्रद्धा कशी वाढेल?

श्रद्धेची बाजू समजून घ्यायला प्रयागला जाऊ. माघ महिन्यात संगमाच्या वाळूवर कल्पवासी महिनाभर तंबूत राहतात. पहाटेच्या कडाक्यात गंगास्नान, साधं जेवण, चोवीस तास लाउडस्पीकर. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी तिथे काही वर्षं काम केलं. त्यांनी ४१६ कल्पवाशांना आणि मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांना मेळ्याआधी आणि मेळा संपून महिना झाल्यावर प्रश्न विचारले. जाऊन आलेल्यांना, घरी राहिलेल्यांच्या तुलनेत, जास्त बरं वाटत होतं. तेही थंडी-गर्दीत महिना काढून.

त्यांचा दुसरा एक प्रयोग मला फार आवडतो. गोंगाटाचं एकच ध्वनिमुद्रण त्यांनी लोकांना ऐकवलं. काहींना सांगितलं की हा मेळ्यातला आवाज आहे, काहींना सांगितलं की हा शहरातल्या रस्त्याचा. मेळ्याचा समजून ऐकणाऱ्यांना तो कमी त्रासदायक वाटला आणि त्यांनी तो जास्त वेळ ऐकला.

म्हणजे त्रास हा नुसत्या कानाचा किंवा अंगाचा नसतो, तो आपण कोणाच्या सोबतीने आणि कशासाठी सोसतोय यावर ठरतो. दिवे घाट चढताना दम लागतोच. पण पुढचा ‘ज्ञानोबा माऊली तुकाराम’ म्हणतोय, मागचाही तेच म्हणतोय आणि टाळाचा ठेका तुटत नाही, तेव्हा तो दम एकट्याचा राहत नाही. असा महिना, असे वीस दिवस काढले की ‘माझी श्रद्धा’ ही ‘आमची श्रद्धा’ होते, आणि आमची झालेली गोष्ट घरी आल्यावर सहजासहजी सुटत नाही.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. ‘आमची’ या शब्दात कोण कोण आलं, हे या प्रयोगांतून आपोआप ठरत नाही. सोबतीने सोसल्याने आपली माणसं घट्ट होतात, पण आपली म्हणजे कोण?

मग वारीत हे घडतं की नाही?

व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने यात्रेविषयी एक गाजलेली कल्पना मांडली. घरदार, हुद्दा, पैसा मागे ठेवून माणसं वाटेला लागली की त्यांच्यात एक वेगळीच बरोबरी उगवते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तिला ‘कम्युनिटास’ असा लॅटिन शब्द वापरला. आपल्याकडे वारकरी एकमेकांना माऊली म्हणतात, वय-जात न पाहता एकमेकांच्या पाया पडतात, ते पाहिलं की टर्नर काय म्हणतात ते लगेच कळतं.

पण टर्नर यांनी ज्यांच्या लेखनाचा आधार घेतला त्यात आपल्या इरावतीबाई कर्वेही होत्या, आणि इरावतीबाईंनी स्वतः चालताना दुसरंही काही पाहिलं होतं. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण बायका होत्या, मराठा बायका होत्या. सगळ्या एकत्र चालायच्या, एकत्र गायच्या, आणि जेवायला वेगवेगळ्या बसायच्या. इरावतीबाईंना ते लागलं. त्या मराठा बायकांच्या पंक्तीला जाऊन जेवल्या. मग त्या बायका जवळ आल्या, हात धरून चालू लागल्या, आपल्या आयुष्यातलं सांगू लागल्या, शेवटी शेवटी त्यांना ताई म्हणू लागल्या. भजन रोज सोबतच होत होतं. ताई म्हणायला मात्र पंक्ती एक व्हावी लागली.

वारी आतून कशी बांधलेली आहे ते पाहिलं की याचं कारण कळतं. लाखोंचा समुदाय बाहेरून एक दिसतो, पण माणूस प्रत्यक्षात राहतो तो आपल्या दिंडीत. स्वयंपाक दिंडीचा, सामानाचा ट्रक दिंडीचा, राहुटी दिंडीची. दिंडी बहुतेक वेळा एका गावाची, एका फडाची (म्हणजे वारकऱ्यांच्या एका गुरुपरंपरेची), कधी एका समाजाची. म्हणजे रस्त्यावर तुम्ही लाखो माऊलींमध्ये असता आणि मुक्कामाला आपल्याच माणसांत. सुरुवातीच्या वादातले दोघंही खरं बोलत असतात ते यामुळे. एकाने रस्ता पाहिलेला असतो, दुसऱ्याने पंक्त.

आणि वरच्यांच्या पाठिंब्याची ऑलपोर्टची अट? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. त्यांचे अभंग शतकानुशतकं गायले गेले, पण त्यांच्या समाजाला मंदिराच्या आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. दहा दिवस ते उपाशी राहिले, तेव्हा दार उघडलं. समता वारीच्या शिकवणीत आधीपासून होती. ती दारापर्यंत आणायला कोणाला तरी जीव पणाला लावावा लागला, हे विसरून वारीच्या समतेविषयी बोलता येत नाही.

वारी संपते तीही खाण्यानेच. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला गोपाळकाला होतो. लाह्या-दह्याचा काला एकमेकांच्या तोंडात घातला जातो. ज्यांनी ही प्रथा घातली त्यांना एका घासाचं मोल पक्कं ठाऊक होतं.

आपल्याच धर्माच्या माणसांत फिरून दुसऱ्या संस्कृतीची ओळख कशी होणार?

वाटेमुळे. देव आपला असला तरी वाट दुसऱ्यांच्या गावांतून जाते. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी असतो आणि तिथे अभंग-आरती होते. संत नामदेव ज्ञानेश्वरांसोबत तीर्थयात्रेला निघाले, पुढे पंजाबात गेले, घुमान गावी राहिले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पंढरपूरच्या शिंप्याचे शब्द आज पंजाबात गुरुद्वाऱ्यात गायले जातात. याच धाग्याने २०१५ चं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं होतं. उलट दिशेने पंजाबातून शीख भाविक गुरू गोविंदसिंगांच्या नांदेडला येतात. नामदेव पंजाबात चार दिवसांचे पाहुणे म्हणून थांबले असते, तर हे झालं नसतं. ते राहिले, तिथल्या लोकांच्या बोलीत गायले.

आणि बसने जाऊन दर्शन घेऊन आलो तर?

त्यात गैर काहीच नाही. म्हाताऱ्या आई-वडिलांना काशी दाखवायची तर गाडीच लागते, आणि काशीच्या घाटावर उभं राहून त्यांना जे वाटतं त्याला कोणी कमी लेखू नये. पण मन मोकळं होण्याचा हिशेब वेगळा आहे. बसमध्ये आपल्याच कॉलनीतली माणसं, सोबत आपला आचारी, सकाळी पोहे आणि रात्री वरण-भात. तिथल्या माणसांशी बोलणं होतं ते रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी, पंड्याशी, आणि बहुतेक वेळा पैशांवरून. दोघांपैकी एक घेणारा, एक देणारा. ही बरोबरीची भेट नव्हे, तिने कधी कधी ‘तिकडचे लोक लुबाडतात’ एवढंच मनात पक्कं होतं. जमलं तर तिथल्या एखाद्या अन्नछत्रात, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून एकदा जेवावं. मग हातात वाढप घेऊन तासभर वाढावंही. दर्शनाच्या रांगेइतकाच वेळ लागतो.

कोनाडा रिकामा झाला त्या वर्षी

आत्याच्या दिंडीचा ट्रक एका संध्याकाळी मुक्कामी पोहोचलाच नाही. दिवसभर पाऊस होता, ती नखशिखांत भिजलेली आणि अंगात ताप. शेजारच्या दिंडीतल्या एका बाईने तिला आपल्या राहुटीत नेलं. परभणीकडची बाई. आत्याच्या कोनाड्यातल्या कपातून जे चहा प्यायचे, त्यांच्याच समाजातली. हे आत्याला त्याच रात्री कळलं. त्या बाईने आपलं कोरडं लुगडं नेसायला दिलं, आपल्या ताटातलं पिठलं-भाकर दिलं आणि रात्रभर कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. पुढचे तीन दिवस आत्याला आपल्या दिंडीचा वेग झेपेना, म्हणून ती त्यांच्यासोबतच चालली, त्यांच्यातच जेवली.

घरी आल्यावर तिने कोणाला काही समजावलं नाही. महिन्याभराने आईच्या लक्षात आलं की कोनाड्यात पणती ठेवलेली आहे आणि ती कपबशी स्वयंपाकघराच्या फळीवर बाकीच्या कपांत मिसळली आहे. आईने विचारलं तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, “तिच्या लुगड्यात झोपले गं मी. आता कप कसला बाजूला ठेवायचा?”

नातीच्या लग्नाच्या वेळी मात्र तिने पहिला प्रश्न जातीचाच विचारला. मी तेव्हा तिच्याशी भांडले आणि आजही त्या बाबतीत आमचं पटत नाही.

आता तिचे गुडघे चालू देत नाहीत. तरी आषाढ शुद्ध नवमीला, पालख्या वाखरीला पोहोचतात त्या दिवशी, तिला गाडीने तिथे न्यावंच लागतं. दोन्ही हातांत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा धरून ती ट्रकांच्या गर्दीत त्या दिंडीचा नंबर शोधते. राहुटी सापडली की आत जाऊन बसते, आणि परभणीची बाई ताट वाढायला घेते.